एम.एस्सी. भूशास्त्र कुठून करावं, आणि शेवटच्या वर्षाचा प्रकल्प कशावर घ्यावा?

कातळवाट

नमस्कार मंडळी. पश्चिम महाराष्ट्रातल्या एका कॉलेजात बी.एस्सी. भूशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे. बारावीला गणित होतं. एम.एस्सी. करायचं नक्की आहे, पण काही गोष्टींचा उलगडा होत नाही.

जॅम (आयआयटीतल्या एम.एस्सी.ची प्रवेश परीक्षा) देऊन आयआयटीचा प्रयत्न करावा, की राज्यातल्या विद्यापीठात सरळ प्रवेश घ्यावा? पुढे जिऑलॉजिकल सर्व्हे किंवा केंद्रीय भूजल मंडळात जायची इच्छा आहे, तर त्या दृष्टीने काय फरक पडतो? आमच्या भागात बघावं तिकडे बेसाल्ट. दुसरे खडक फक्त कपाटातल्या नमुन्यांत पाहिलेत, ही उणीव कशी भरून काढायची? शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी डेक्कन ट्रॅपची (इथल्या लाव्हाच्या थरांची) पेट्रॉलॉजी, म्हणजे खडकांचा अभ्यास, घ्यावी की भूजल, हाही प्रश्न आहेच.

जाणकारांनी सविस्तर लिहिलं तर फार मदत होईल.

---

रामटेककर

आधी जॅमबद्दल. परीक्षा फेब्रुवारीत होते आणि अर्ज सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये घेतात. तेव्हा भरला नाही तर वर्ष गेलं. मिळालेले गुण फक्त त्याच वर्षीच्या प्रवेशाला चालतात.

भूशास्त्राचा पेपर तीन तासांचा, ६० प्रश्न, १०० गुण. अ विभागात ३० बहुपर्यायी प्रश्न असतात, त्यात १० एका गुणाचे आणि २० दोन गुणांचे. चुकलं तर प्रश्नाच्या गुणांचा एक तृतीयांश कापतात. ब विभागात दोन गुणांचे १० प्रश्न, यात एकाहून जास्त पर्याय बरोबर असू शकतात. सगळे बरोबर पर्याय निवडले तरच गुण, अर्धवट निवडीला शून्य, पण कपात नाही. क विभागात २० प्रश्न, उत्तराचा आकडा स्वतः टाइप करायचा, इथेही कपात नाही. म्हणजे ५० गुणांना चुकीची भीतीच नाही, आणि नेमका हाच भाग आपली मुलं तयारीत मागे ठेवतात, कारण बी.एस्सी.ला व्याख्या लिहून गुण मिळालेले असतात.

आकड्याचे प्रश्न अवघड नसतात, पण कोन कुठून मोजायचा हे पक्कं हवं. उदाहरण घ्या. थराचा खरा डिप (आडव्या पातळीशी केलेला उतार) ३०°, छेदरेषा स्ट्राइकशी (डिपच्या दिशेला काटकोनात असलेल्या आडव्या रेषेशी) ३०° करते, आभासी डिप (छेदात दिसणारा उतार) किती? टॅन ३० गुणिले साइन ३०, म्हणजे ०.५७७ × ०.५ = ०.२८९, उत्तर १६.१°. हाच कोन स्ट्राइकऐवजी डिपच्या दिशेपासून मोजला आहे असं समजलात तर साइन ६० घेतलं जातं आणि उत्तर २६.६° येतं. दोन्ही आकडे दिसायला पटण्यासारखे, त्यामुळे चूक लक्षात येत नाही. स्वतःचं कॅल्क्युलेटर नेता येत नाही, पडद्यावरचंच वापरायचं. ते अंशांत आहे की रेडियनमध्ये हे पहिल्या मिनिटाला बघून घ्या, आणि घरी सराव करतानाही तसलंच वापरा.

मुंबई, खरगपूर, रुरकी, धनबाद, भुवनेश्वर इथल्या अभ्यासक्रमांना जॅम लागते. कुठे नुसतं जिऑलॉजी, कुठे अप्लाइड जिऑलॉजी. पदवीला सोबत कुठले विषय किती सत्रं हवेत, हे प्रत्येक संस्था वेगळं ठरवते. पसंतीक्रम भरण्याआधी प्रत्येकीची पात्रता ओळन् ओळ वाचा. चांगला क्रमांक येऊनही सोबतच्या विषयांमुळे जागा हातची जाऊ शकते. बनारस हिंदू विद्यापीठ, दिल्ली विद्यापीठ यांच्यासाठी सीयूईटी-पीजी ही परीक्षा वेगळी. गोवा विद्यापीठाची प्रवेश परीक्षा वेगळी, आणि तुमच्या भागातल्या मुलांनी गोव्याचा विचार जरूर करावा. कारण खाली कुणीतरी लिहीलच.

राज्यात पुणे, नागपूर, अमरावती, सोलापूर, नांदेड, छत्रपती संभाजीनगर इथे एम.एस्सी. होतं. विभाग निवडताना नावापेक्षा चार गोष्टी तिथल्या सीनियर मुलांना विचारा. चालू स्थितीतले पोलरायझिंग मायक्रोस्कोप किती, आणि प्रात्यक्षिकाला एकेकाला मिळतो की तिघांत एक? स्लाइड (सूक्ष्मदर्शकासाठी खडकाचा पातळ काप) करणारा तंत्रज्ञ आहे की पद रिकामं आहे? क्षेत्रभेट बेसाल्टच्या बाहेर जाते का, आणि तिथे मुलं स्वतः नकाशा करतात की शिक्षक दाखवतात आणि मुलं फोटो काढतात? प्रकल्पाला एक सत्र मिळतं की दोन? या चारांची उत्तरं चांगली असतील तर राज्य विद्यापीठात दोन वर्षं उत्तम जातात. तंत्रज्ञाची जागा रिकामी असेल तर पेट्रॉलॉजीचा प्रकल्प तिथे रखडणार हे धरूनच चला.

नागपूरचा एक मोठा फायदा आहे. रामटेक-मनसरला सौसर समूहाचे रूपांतरित खडक आणि मँगनीज, कामठी-उमरेडला गोंडवनाचा कोळसा, शहरातच टाकळीचे अंतर्ट्रॅपी (लाव्हाच्या दोन प्रवाहांमधले गाळाचे) थर, आणि आसपास बेसाल्ट आहेच. इतकी विविधता एका दिवसाच्या अंतरात राज्यात इतरत्र मिळणं कठीण. जिऑलॉजिकल सर्व्हेचं मध्य विभागाचं मुख्यालय, इंडियन ब्युरो ऑफ माइन्स, खनिजशोधाची एमईसीएल, मँगनीज खाणींची मॉइल ही सगळी कार्यालयं गावातच असल्याने उन्हाळी प्रशिक्षणासाठी लांब जावं लागत नाही.

---

नती_नतिलंब

बेसाल्टच्या उणिवेबद्दल लिहिते, कारण महाराष्ट्रातल्या मुलांचं सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं आणि ते त्यांना फार उशिरा कळतं.

सह्याद्रीतले लाव्हाचे थर जवळजवळ आडवे आहेत, बहुतेक ठिकाणी कल एक अंशाच्याही आत. मग डिप-स्ट्राइक घ्यायची सवय लागणार कुठे? फोल्ड (घडी) नाही, फोलिएशन (खनिजांचे समांतर पापुद्रे) नाही, लिनिएशन (खनिजांच्या समांतर रेषा) नाही, गार्नेट कुठून सुरू झालं आणि सिलिमनाइट कुठून हे चालत जाऊन बघायची सोय नाही. पण केंद्राच्या परीक्षेत स्ट्रक्चर आणि रूपांतरित खडक यांचं वजन मोठं असतं, आणि नोकरीत नकाशा करायची वेळ येते ती बहुधा अशाच भूभागात. पुस्तक पाठ करून हे भरून निघत नाही. खडकावर हात ठेवावा लागतो.

तुमच्यासाठी सर्वांत जवळचा भाग म्हणजे दक्षिण सिंधुदुर्ग आणि गोवा. मालवण-वेंगुर्ल्याकडे नाइस (पट्टेदार रूपांतरित खडक) आणि क्वार्टझाइट, सिंधुदुर्गातच कलादगीचे वालुकाश्म, रेडीला पट्टेदार लोहखडक, कणकवलीच्या बाजूला क्रोमाइट असणारे अल्ट्रामॅफिक खडक. घाटावरून अनमोडमार्गे गोव्यात उतरलात तर जुना नाइस आणि त्यावरचा गोवा समूह एका दिवसात बघून होतो. चार-पाच जणांनी मिळून डिसेंबरात आठवडा काढला तर दोन वर्षांच्या स्ट्रक्चरच्या तासांना अर्थ येतो.

जाताना नुसतं बघायला जाऊ नका, रीडिंग घ्यायला जा. एका उघड्या खडकावर निदान तीन ठिकाणी डिप मोजा, एका मापावर विसंबू नका, कारण पृष्ठभाग लहरी असतो. डिपची दिशा आणि डिप अशी दोन आकड्यांची पद्धत ठेवा, उदा. १२०/४५, म्हणजे स्ट्राइकच्या कुठल्या बाजूला कल आहे हा गोंधळ राहत नाही. वही पेन्सिलीने, जागेवरच लिहायची. संध्याकाळी आठवून लिहिलेल्या वहीत उत्तर-दक्षिण उलटं झालेलं हमखास सापडतं. स्टिरिओनेटवर (दिशा मांडायच्या गोल जाळीवर) कंटूर काढायचे तर २५-३० रीडिंग तरी हवीत, आठ-दहा बिंदूंवर काढलेल्या फोल्ड अक्षाला परीक्षक पहिला प्रश्न तिथेच विचारतो.

ब्रंटनबद्दल (भूशास्त्रातल्या होकायंत्राबद्दल) एक सूचना. हातोडी कमरेला लटकावून रीडिंग घेऊ नका, सुई सरकते. बेसाल्टमध्ये मॅग्नेटाइट असतं, त्यामुळे खडकाला टेकवून घेतलेलं रीडिंग काही अंशांनी चुकू शकतं. वीज पडलेल्या सड्यांवर आणि कड्यांच्या टोकांवर तर सुई फारच भरकटते. खात्री करायची पद्धत सोपी आहे. अ ठिकाणावरून ब कडे दिशा घ्या, मग ब वरून अ कडे. दोन्हींत बरोबर १८०° चा फरक हवा. त्यात दोन-तीन अंशांपेक्षा जास्त तफावत आली तर जागा बदला. रेडीच्या लोहखडकावर होकायंत्रावर अजिबात भरवसा नको. तिथे नकाशावरच्या दोन ठळक खुणांना जोडणारी रेषा धरून कोन काढायचा. मोबाइलमधलं होकायंत्र सरावाला ठीक आहे, प्रबंधाला नाही.

नकाशा १:५०,०००चा असला तर पेन्सिलीची एक मिलिमीटर रेघ जमिनीवर ५० मीटर होते. इतक्या जाडीत संपर्करेषा दाखवण्याला फारसा अर्थ नाही, म्हणून कामाचा भाग मोठा करून घ्या. सर्व्हेचे भूशास्त्रीय नकाशे भूकोश पोर्टलवर मिळतात. ते क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये टोपोशीटवर बसवून न्या, म्हणजे कुठे काय दिसायला हवं हे आधीच माहीत असतं आणि न दिसलं तर प्रश्न पडतो. तो प्रश्न पडणं हेच शिकणं.

---

तीस_मायक्रॉन

पेट्रॉलॉजीचा प्रकल्प घ्यायचा असेल तर विषयाच्या आधी कॅलेंडर मांडा. पावसाळ्यात घाट निसरडे, ऑक्टोबरमध्ये गवत छातीभर. नोव्हेंबर ते जानेवारी हा नमुन्यांचा काळ. नमुने जानेवारीच्या मध्यापर्यंत कटिंगला गेले नाहीत तर मार्चमध्ये स्लाइड, एप्रिलमध्ये रासायनिक पृथक्करणाची रांग, आणि मे महिन्यात आकडे हातात येतात ते लिहायला वेळच उरत नाही. प्रबंध फसतो तो बहुतेक वेळा इथे, विषय चुकला म्हणून नव्हे.

नमुना प्रत्येक प्रवाहाच्या मधल्या भरीव भागातून घ्या. वरच्या सच्छिद्र भागात झिओलाइट, कॅल्साइट भरलेलं असतं, ते आकड्यांत येतं आणि कॅल्शियम, सोडियम, पाणी सगळंच बिघडतं. एक ते दोन किलोचा ताजा तुकडा हवा, तपकिरी साल जागेवरच हातोडीने उडवा. जीपीएसची उंची दहा-पंधरा मीटरने सहज चुकते आणि एखादा प्रवाह तेवढाच जाड असतो, म्हणून घाटात उंची बॅरोमीटरने घ्या आणि दिवसातून दोनदा ज्ञात उंचीच्या खुणेशी जुळवा. हवा बदलली की बॅरोमीटरही सरकतो.

भुकटी करताना भांडं कशाचं आहे हे विचारा. टंगस्टन कार्बाइडच्या मिलमध्ये टंगस्टन आणि कोबाल्ट मिसळतो, थोडा टँटलम आणि नायोबियमही. ट्रेस मूलद्रव्यांवर बोलायचं असेल तर अगेटचं भांडं, वेळ लागला तरी चालेल. २०० मेशपर्यंत बारीक करा, दोन नमुन्यांमध्ये भांडं स्वच्छ वाळू दळून साफ करा. पंधरा नमुने असे नीट केलेले, घाईने केलेल्या चाळीसांपेक्षा उपयोगाचे. सोबत एखादा प्रमाण नमुना, बेसाल्टसाठी बीएचव्हीओ-२, आणि आपल्याच एका नमुन्याची दुसरी प्रत नाव बदलून पाठवा. निकाल आला की आधी बेरीज बघा. ऑक्साइड आणि भाजल्यावरची घट मिळून ९८.५ ते १०१ च्या बाहेर असेल तर प्रयोगशाळेशी बोला, आलेख काढत बसू नका. भाजल्यावरची घट दोन-तीन टक्क्यांच्या वर गेली तर नमुना बदललेला आहे. अशा नमुन्यातल्या पोटॅशियम, रुबिडियम, बेरियमवर निष्कर्ष बांधू नका, झिरकोनियम, नायोबियम, टायटॅनियम, इट्रियम यांच्यावर भिस्त ठेवा.

स्लाइड स्वतः करायला शिका, निदान पाच तरी. तुकडा काचपट्टीवर मावेल एवढा कापायचा, एक बाजू काचेवर कार्बोरंडमने घासायची, आधी ४००, मग ६००, मग १०००. प्रत्येक टप्प्याच्या मध्ये तुकडा, काच आणि हात धुवायचे. जाड भुकटीचा एक कण पुढच्या टप्प्यात गेला की आडवा ओरखडा पडतो आणि तिथून खनिज उचकटून निघतं. घासलेली बाजू वाळवून एपॉक्सीने काचपट्टीला चिकटवायची, राळ आणि हार्डनर डब्यावरच्या प्रमाणातच. ओल राहिली किंवा घाईने दाबलं तर बुडबुडे अडकतात, आणि पातळ झाल्यावर खडक नेमका बुडबुड्याच्या जागीच फाटतो. मग वरची बाजू कापून ०.०३ मिमीपर्यंत उतरवायची.

बेसाल्टमध्ये क्वार्टझ नसतं, म्हणून जाडी प्लॅजिओक्लेजवर तपासा. क्रॉस्ड निकॉलमध्ये (सूक्ष्मदर्शकातली दोन ध्रुवकं एकमेकांना काटकोनात ठेवून) त्याचा रंग पहिल्या श्रेणीचा करडा-पांढरा हवा. पिवळट दिसला तर स्लाइड अजून जाड आहे. जाड स्लाइडमध्ये ऑजाइटचे रंगही वरच्या श्रेणीचे दिसतात आणि नवखा माणूस त्याला ऑलिव्हिन म्हणून मोकळा होतो. चारही कोपरे तपासा. बोटाचा दाब एका बाजूला जास्त पडला की स्लाइड पाचरीसारखी होते, एका कडेला करडा आणि दुसऱ्या कडेला पिवळा रंग दिसतो. झिओलाइट किंवा चिकणमाती असलेला खडक पाण्यात घासताना विरघळल्यासारखा सुटतो. असा तुकडा आधी पातळ एपॉक्सीत मुरवून घ्या आणि शेवटचे हात पाण्याऐवजी केरोसीनवर द्या.

विषयाबद्दल थोडक्यात. वाई उपसमूहाच्या (सह्याद्रीतल्या लाव्हा-थरांच्या वरच्या गटाच्या) रसायनावर भरपूर काम झालं आहे, त्यातच पुन्हा पंधरा नमुन्यांची भर घालण्यापेक्षा एकाच घाटाचा तपशीलवार लॉग (थरांची क्रमाने नोंद) करा. प्रवाह कुठला पाहोएहोए (गुळगुळीत पृष्ठभागाचा), कुठला तुटक माथ्याचा, मध्ये लाल बोल (दोन प्रवाहांमधला लाल मातकट थर) किती जाड, सलग आहे की तुटक. रसायन त्याला आधार म्हणून. भरपूर खर्च न करता नवीन काही सांगता येईल असा हा मार्ग आहे.

---

कातळवाट

सगळ्यांचे मनापासून आभार. ताई, अनमोडचं लगेच मित्रांशी बोलतो. भूजलाच्या बाजूने कुणी लिहील का? गावाकडे ओळखीच्या विहिरी भरपूर आहेत, त्यामुळे ते काम सोपं जाईल असं वाटतं.

---

मांजऱ्या

विहिरी ओळखीच्या असणं ही मोठी सोय आहे, पण काम सोपं नाही. दोन ऋतू सापडले पाहिजेत, मे महिन्यात पावसाआधी आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात पावसानंतर. म्हणजे पहिल्या वर्षाच्या मे महिन्यातच सुरुवात हवी. दुसऱ्या वर्षी विषय ठरवलात तर पावसाआधीची पातळी तुमच्याकडे नसेल आणि दुसऱ्याची उसनी घ्यावी लागेल.

एक पाणलोट घ्या, तालुका घेऊ नका. चाळीस-पन्नास विहिरी पुरतात. पातळी मोजताना टेप कठड्यावरून सोडतात आणि कठड्याची उंची वजा करायची राहून जाते. एकीचा कठडा ०.६ मीटर, दुसरीचा १.१, म्हणजे समपातळी रेषांत अर्धा मीटर चूक फुकटची. प्रत्येक विहिरीची मोजायची जागा रंगाने खूण करून ठेवा, तिची उंची लिहा, दुसऱ्या ऋतूतही तिथूनच मोजा. पंप कधी बंद केला हे मालकाला विचारा. तासाभरापूर्वी बंद केला असेल तर ती पातळी खडकातल्या पाण्याची नाही. विहिरीच्या भिंतीचं निरीक्षण सोडू नका. मुरूम किती, मांजऱ्या (सच्छिद्र बेसाल्ट) कुठे लागला, काळा पाषाण कुठून, झरा कोणत्या थरातून येतो, हे वरून खाली मीटरनिशी लिहा. भूजलाचा सगळा अभ्यास त्या भिंतीवर मांडलेला असतो आणि बरेच प्रबंध तिच्याकडे न बघता नुसते रासायनिक तक्ते देतात.

पाण्याचा नमुना घेताना बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळा, काठोकाठ भरा, हवेचा बुडबुडा नको. तापमान, पीएच, विद्युतवाहकता जागेवर. धातूंसाठी वेगळी बाटली, गाळून, नायट्रिक आम्ल घालून पीएच २ च्या खाली. बायकार्बोनेट शक्य तर त्याच दिवशी टायट्रेट करा.

आकडे आले की आयन समतोल तपासल्याशिवाय पायपर आकृती (पाण्याचा रासायनिक प्रकार दाखवणारी) काढू नका. रीत अशी. समजा कॅल्शियम ६०, मॅग्नेशियम ३०, सोडियम ४६, पोटॅशियम २ मिग्रॅ प्रति लिटर. त्यांना अनुक्रमे २०.०४, १२.१५, २२.९९, ३९.१ ने भागा. २.९९ + २.४७ + २.०० + ०.०५ = ७.५१ मिलिइक्विव्हॅलंट. बायकार्बोनेट ३०५, क्लोराइड ५३, सल्फेट २४, नायट्रेट १३, भाजक ६१.०२, ३५.४५, ४८.०३, ६२. बेरीज ५.०० + १.५० + ०.५० + ०.२१ = ७.२१. फरक ०.३०, एकूण १४.७२, चूक २ टक्के. पाच टक्क्यांच्या आत असेल तर ठीक. बहुतेक नमुन्यांत धन आयनच जास्त निघत असतील तर बायकार्बोनेट उशिरा मोजलं गेलं का बघा. साध्या बाटलीत कॅल्साइट खाली बसून ते घटतं, आणि कॅल्शियम मात्र आम्ल घातलेल्या बाटलीतून मोजलेलं असल्याने तेवढंच राहतं.

आता पंपिंग टेस्ट, म्हणजे पंप चालवून पातळी कशी घटते ते मोजणं. सहा मीटर व्यासाच्या विहिरीचं क्षेत्रफळ २८.३ चौ.मी. पंप सेकंदाला पाच लिटर काढत असेल तर तासाला १८ घनमीटर. खडकाने एक थेंबही दिला नाही तरी तासात पातळी ०.६४ मीटर खाली जाणार. म्हणजे सुरुवातीची सगळी घट विहिरीत साठलेल्या पाण्याची असते. त्या आकड्यांवर थाइसची (अरुंद विहिरीसाठीची) वक्ररेषा बसवली की ट्रान्समिसिव्हिटीचा (खडकातून पाणी किती सहज वाहतं त्याचा) काहीतरी आकडा निघतो, पण त्याला अर्थ नसतो. मोठ्या व्यासाच्या विहिरींसाठी पापाडोपुलोस आणि कूपर यांची १९६७ची पद्धत आहे, ती वापरा, आणि पंप बंद केल्यानंतर पातळी परत चढते त्याची रीडिंग घ्या. पहिला तास दर पाच मिनिटांनी, मग पंधरा, मग तीस. प्रवाह मोजायला २०० लिटरचा पिंप आणि घड्याळ पुरतं. ४० सेकंदांत भरला तर सेकंदाला पाच लिटर. मोजणी सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी करा, पातळी खाली गेली की पंप कमी पाणी टाकतो.

शेतीपंपाची वीज पाळीने येते हे ध्यानात ठेवा. आठवड्याचं वेळापत्रक आधी घ्या आणि शेजारच्या विहिरींचे पंप त्या वेळी बंद ठेवायला सांगा. मध्येच वीज गेली तर ती टेस्ट सोडून द्यायची, तुकडे जोडायचे नाहीत.

---

रामटेककर

परीक्षेचं राहिलं होतं. केंद्रातली दोन्ही खाती एकाच परीक्षेतून भरतात, यूपीएससीची कम्बाइन्ड जिओ-सायंटिस्ट. पूर्व परीक्षा फेब्रुवारीत, सामान्य अध्ययन १०० आणि भूशास्त्र ३०० गुण, चुकीला एक तृतीयांश कपात. मुख्य परीक्षा जूनमध्ये, २०० गुणांचे तीन लेखी पेपर. मुलाखत २०० गुण. भूवैज्ञानिक आणि हायड्रोजिऑलॉजिस्ट या दोन पदांसाठी पहिले दोन पेपर सारखे, तिसरा वेगळा. एकाला खनिजं, अन्वेषण, इंधनं आणि अभियांत्रिकी भूशास्त्र, दुसऱ्याला हायड्रोजिऑलॉजी. दोन्हींसाठी अर्ज करता येतो. मग तिसऱ्या पेपरची दुहेरी तयारी धरा.

दोन गोष्टींकडे लक्ष द्या. पहिली, पदवीचं नाव. भूवैज्ञानिक पदासाठी जिऑलॉजी, अप्लाइड जिऑलॉजी, मिनरल एक्स्प्लोरेशन, मरीन जिऑलॉजी वगैरे नावांची यादी अधिसूचनेत असते. हायड्रोजिऑलॉजिस्टची यादी त्याहून लहान आहे. जिओइन्फर्मेटिक्स किंवा पर्यावरणशास्त्राची पदवी घेऊन मग यादी वाचायची वेळ येऊ नये. दुसरी, लेखी पेपर इंग्रजीतच लिहायचे असतात. मराठीतून समजून घ्या, काहीच हरकत नाही, पण पहिल्या सत्रापासून आठवड्याला दोन उत्तरं आकृतीसह इंग्रजीत लिहून शिक्षकांना दाखवा.

राज्यात भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेची कनिष्ठ आणि सहायक भूवैज्ञानिकांची पदं एमपीएससीतून भरतात. तिथे मांजऱ्या यांनी लिहिलेलं सगळं थेट कामाला येतं. संशोधनाकडे वळायचं तर सीएसआयआर-नेट आणि गेट. गेटचे गुण तीन वर्षं चालतात, म्हणून दुसऱ्या वर्षी देऊन ठेवा.

आयआयटी आणि विद्यापीठ यात या परीक्षेला काही फरक नाही, पेपर तपासणाऱ्याला कॉलेजचं नाव दिसत नाही. फरक पडतो तो उपकरणं हाताशी असण्याचा आणि सोबत तयारी करणाऱ्या मुलांचा. म्हणून जॅम द्या, मनापासून द्या, आणि विद्यापीठांचे अर्जही भरा. ते साधारण मे-जूनमध्ये निघतात.

---

कातळवाट

खूप स्पष्ट झालं. दोन्ही वाचून प्रकल्प पेट्रॉलॉजीकडेच झुकतोय. कुंभार्ली घाटाचा लॉग करावा असं डोक्यात आहे. काही अडचण?

---

तीस_मायक्रॉन

घाट चांगला आहे, कटिंग सलग आहेत. तीन गोष्टी आधीच करून ठेवा.

कोयनेच्या बाजूचा बराच भाग अभयारण्य आणि व्याघ्र प्रकल्पात येतो. रस्त्याच्या कडेचं निरीक्षण वेगळं आणि हातोडी मारून नमुना नेणं वेगळं. नमुन्यांसाठी वनविभागाची लेखी परवानगी घ्या. पत्र विभागप्रमुखांच्या सहीचं, सोबत नमुन्यांच्या जागा दाखवणारा नकाशा, नमुन्यांची संख्या, प्रत्येकाचं वजन आणि सोबत येणाऱ्यांची नावं. नोव्हेंबरात नमुने हवे असतील तर पत्र जुलैत गेलं पाहिजे.

वाहतूक जड आहे. वळणाच्या आतल्या बाजूला उभं राहून काम करू नका, दोघांपैकी एकाने फक्त गाड्यांकडे बघायचं, सकाळी लवकर सुरू करून दहापर्यंत आटपा. हेल्मेट आणि डोळ्यांवर चष्मा हवाच, बेसाल्टची कपची सुरीसारखी उडते. ताज्या दरडीखाली तर थांबूच नका, तो प्रवाह पुढच्या वळणावर पुन्हा मिळतो.

आणि जाण्याआधी घाटाचा उभा छेद टोपोशीटवरून काढून घ्या. समोच्च रेषा २० मीटरच्या अंतराने असतात. रस्ता ज्या ज्या रेषेला ओलांडतो तिथे स्टेशन क्रमांक टाका आणि लॉग पायथ्याकडून वर करत न्या. वरून खाली येताना प्रवाहाचा माथा आधी लागतो आणि तळ कुठे संपला हे गवतात हरवतं.